ईव्ह ऑनलाइनमधील पहिले तीन महिने: सत्ता, संघकार्य आणि छळ यांविषयी नवख्यांसाठी मार्गदर्शन

आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातील युद्धाचा आणि व्यापाराचा खेळ आजही चालू आहे. इतर खेळांत ज्या वर्तनासाठी खाते बंद होते, त्यातील बरेचसे येथे नियमांना धरून असते. वाटेत गाठून दुसऱ्याचे जहाज फोडणे, फसवा करार पुढे करून पैसे काढून घेणे, वर्षभर मित्र म्हणून वावरून गटाची तिजोरी रिकामी करणे, हे सारे येथे चालते. त्यामुळे नवखा खेळाडू दोनपैकी एका चुकीत सापडतो. एक तर तो पहिल्याच नुकसानीला छळ समजून खेळ सोडतो, नाहीतर ‘येथे सर्व काही चालते’ हे वाक्य वारंवार ऐकून खरोखरचा छळही मुकाट्याने सोसत राहतो. या दोन्ही चुका मी केल्या आहेत आणि पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा व्हावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. चीनमधील स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरचे सर्व खेळाडू ‘ट्रँक्विलिटी’ नावाच्या एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात खेळतात. ज्याच्याशी आज तुम्ही दगा कराल किंवा ज्याला आज मदत कराल, तो दोन वर्षांनी पुन्हा समोर येऊ शकतो. येथे नाव टिकते, आणि ज्याच्या नावावर विश्वास ठेवून ठरल्या वेळी पन्नास माणसे ठरल्या जागी जमतात, त्याच्याकडेच सत्ता असते.

सुरुवातीला लागणारी साधने

• संगणक, बरा मायक्रोफोन असलेला हेडफोन आणि खंड न पडणारे इंटरनेट. सर्व्हर लंडनमध्ये असल्यामुळे भारतातून थोडा विलंब जाणवतो, पण या खेळात तो फारसा आड येत नाही.
• खेळासाठी वेगळा ईमेल पत्ता आणि द्विस्तरीय पडताळणीचे ॲप.
• डिस्कॉर्ड आणि मम्बल. बहुतेक गट बोलण्यासाठी यांपैकी एक वापरतात.
• पायफा. जहाजावर कोणती शस्त्रे व साहित्य बसवायचे, हे विकत घेण्याआधी यात तपासता येते.
• डॉटलॅनचे नकाशे. कोणत्या तारकाप्रणालीत गेल्या तासाभरात किती जहाजे फुटली, हे त्यांवर दिसते.
• झीकिलबोर्ड. खेळाडूने कोणाला मारले आणि तो स्वतः कोठे मेला, याची ही सार्वजनिक नोंदवही आहे.

१. खाते उघडा आणि ते सुरक्षित करा

नोव्हेंबर २०१६ पासून हा खेळ ‘अल्फा’ खात्यावर विनामूल्य खेळता येतो. अल्फा खात्याला प्रशिक्षणातून पन्नास लाख कौशल्यगुणांपर्यंतच पोहोचता येते आणि सर्वांत मोठी जहाजे वापरता येत नाहीत, पण पहिल्या तीन महिन्यांसाठी तेवढे पुरेसे आहे. पैसे भरून ‘ओमेगा’ होण्याची घाई करू नका.

द्विस्तरीय पडताळणी पहिल्याच दिवशी चालू करा. खेळातील चलन, म्हणजे इस्क, स्वस्तात देतो असे सांगणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याकडून ते कधीही घेऊ नका. खेळाच्या आत फसवणुकीला मुभा असली, तरी खऱ्या पैशांच्या अशा व्यवहाराला नाही, आणि त्यात विकत घेणाऱ्याचेही खाते जाऊ शकते.

२. सुरक्षिततेचे आकडे नीट समजून घ्या

प्रत्येक तारकाप्रणालीला एक सुरक्षा आकडा असतो. १.० ते ०.५ हा ‘हाय-सेक’, ०.४ ते ०.१ हा ‘लो-सेक’ आणि ०.० व त्याखालील भाग ‘नल-सेक’. वर्महोल, म्हणजे अचानक उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या विवरांपलीकडील अवकाश, याहून वेगळे आहे. तेथे ‘लोकल’ ही हजर खेळाडूंची यादी दिसत नाही, म्हणून सुरुवातीला तिकडे एकट्याने जाऊ नका.

हाय-सेक म्हणजे सुरक्षित, असा समज करून देणारे नाव येथील सर्वांत मोठा सापळा आहे. हाय-सेकमधील ‘कॉनकॉर्ड’ हे पोलीस दल हल्ला झाल्यावर येते. ते हल्लेखोराला निश्चितपणे नष्ट करते, पण तुम्हाला वाचवण्याची हमी त्यात नसते. आकडा जितका कमी, तितके ते उशिरा पोहोचते, आणि मधल्या काही सेकंदांतच हल्लेखोर आपले काम उरकतो. स्वतःचे स्वस्त जहाज गमावण्याची तयारी ठेवून केलेल्या या हल्ल्याला ‘गँक’ म्हणतात.

तुमच्या जहाजाच्या ‘सेफ्टी’ची कळ हाय-सेकमध्ये हिरवीच ठेवा. ती हिरवी असेपर्यंत खेळ तुम्हाला बेकायदा कृती करूच देत नाही. काही जण मुद्दाम पिवळ्या खुणेचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, माल अंतराळात टाकून ठेवतात. तो उचलणारा ‘संशयित’ ठरतो, आणि मग कोणीही त्याच्यावर हल्ला केला तरी पोलीस येत नाहीत. हिरवी कळ तुम्हाला या आमिषापासून वाचवते.

३. माल नेताना हल्लेखोराचा हिशेब तुम्ही आधी करा

माझे पहिले मोठे नुकसान जिता आणि डोडिक्सी या बाजारपेठांमधील वाटेवर, उएदामा या ०.५ च्या प्रणालीत झाले. दीड महिन्याची सारी कमाई मी एका मालवाहू जहाजात भरली, ऑटोपायलट लावला आणि जेवायला उठले. परत आले तेव्हा पडद्यावर केवळ पॉड, म्हणजे चालकाची कुपी, उरली होती. त्या रात्री मी खेळ काढून टाकला आणि हल्ला करणाऱ्यांविरुद्ध तक्रारही केली. ती तक्रार टिकणे शक्यच नव्हते, कारण त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता.

पुढे मला त्यांचा हिशेब कळला. त्यांच्यातील एक जण गेटपाशी, म्हणजे एका प्रणालीतून दुसरीत जाण्याच्या दारापाशी, उभा राहून येणाऱ्या जहाजांतील माल स्कॅनरने तपासतो. जहाज फुटल्यावर प्रत्येक वस्तू वाचण्याची किंवा नष्ट होण्याची शक्यता साधारण निम्मी-निम्मी असते, म्हणून मालाच्या निम्म्या किमतीची तुलना तो स्वतःच्या जहाजांच्या किमतीशी करतो. बाकीचे साथीदार कॅटॅलिस्टसारखी स्वस्त विध्वंसक जहाजे घेऊन जवळच थांबलेले असतात. सौदा फायद्याचा दिसला की ते येतात. त्यांचा तुमच्यावर राग नसतो. तो सौदा त्यांच्या तोट्याचा कसा होईल, एवढेच तुम्हाला पाहायचे आहे.

त्यासाठी माल एका खेपेत न नेता वाटून न्या. ऑटोपायलट वापरू नका, कारण तो तुम्हाला गेटपासून काही किलोमीटर दूर सोडतो आणि तेथून जहाज रखडत पुढे जाते. हाताने ‘शून्यावर’ वॉर्प, म्हणजे अतिवेगाची झेप, घेतली तर थेट गेटपाशी पोहोचता. जहाजाला केवळ मालाची जागा वाढवणारे भाग न लावता संरक्षणाचे भागही लावा. निघण्याआधी वाटेतील प्रणाली डॉटलॅनवर पाहा, आणि लागोपाठ जहाजे फुटलेली दिसली तर एक तास थांबा. जे जहाज गमावल्यावर दुसरे घेण्याइतके पैसे शिल्लक राहत नाहीत, ते घेऊन निघायचेच नाही, हा येथील जुना नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

मेल्यावर कौशल्ये जात नाहीत, पण पॉड फुटला तर ‘इम्प्लांट’, म्हणजे पात्राच्या डोक्यात बसवलेली उपकरणे, जातात. म्हणून जहाज पडणार असे दिसताच जवळच्या ग्रहावर वॉर्पची आज्ञा देत राहा, म्हणजे निदान पॉड निसटतो.

४. कॉर्प निवडताना घाई करू नका

खेळाडूंच्या गटाला कॉर्पोरेशन किंवा ‘कॉर्प’ म्हणतात, आणि अनेक कॉर्पची मिळून ‘अलायन्स’ होते. एकट्याने या खेळात फार पुढे जाता येत नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कॉर्प शोधा. नवख्यांना शिकवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या संस्था आहेत. २००४ पासून चालणारी ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ शिकवण्याला वाहिलेली आहे, तर ‘ब्रेव्ह न्यूबीज’, ‘पँडेमिक होर्ड’ आणि ‘कर्मा फ्लीट’ या संस्था नवख्यांना थेट नल-सेकच्या युद्धात घेऊन जातात. माझे मत विचाराल तर, प्रश्न विचारायला संकोच वाटणाऱ्याने आधी शिकवणाऱ्या संस्थेत जावे.

वेळेचा प्रश्न भारतातील खेळाडूंना नेमका येथे अडवतो. खेळातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते. युरोपीय गटांची संध्याकाळ सहा ते नऊ ही वेळ आपल्याकडे रात्री साडेअकरा ते अडीच अशी पडते. मी पहिल्या कॉर्पमध्ये तीन महिने सदस्य होते आणि एकाही मोठ्या मोहिमेत जाऊ शकले नाही, कारण सकाळी सातला मला कामावर निघावे लागत असे. ऑस्ट्रेलियाच्या वेळेनुसार खेळणाऱ्या गटांची संध्याकाळ आपल्या दुपारी पडते, म्हणून शनिवार-रविवारी मोकळे असणाऱ्यांना ते सोयीचे ठरतात. प्रवेश घेण्याआधी ‘तुमचे बहुतेक सदस्य किती वाजता खेळतात?’ हा प्रश्न अवश्य विचारा. सर्व्हर रोज ११ वाजता, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, थोडा वेळ बंद होतो, हेही लक्षात असू द्या.

प्रवेशाच्या वेळचे सापळे पुढीलप्रमाणे आहेत.

• कोणी प्रवेश शुल्क मागितले, किंवा ‘तुमची सर्व जहाजे आमच्या माणसाच्या नावाने करार करून द्या, आम्ही सुरक्षित पोहोचवू’ असे सांगितले, तर तो गट खरा असला तरी तो माणूस बहुधा त्या गटाचा नसतो. कॉर्पच्या अधिकृत वाहिनीवर जाऊन खात्री करा.
• बहुतेक मोठे गट तुमच्या पात्राची माहिती पाहण्याची परवानगी मागतात, आणि हेरांच्या भीतीमुळे ते रास्तही आहे. मात्र लॉगिन खेळाच्या अधिकृत पानावरच होत आहे ना, हे पत्त्याच्या चौकटीत वाचून घ्या. या परवानगीनंतर त्यांना तुमच्या खेळातील पैशांचे व्यवहार आणि टपालही दिसू शकते, म्हणून खासगी गोष्टी खेळातील टपालात लिहू नका.
• ‘फ्रेंडली फायर’ची तरतूद चालू असलेल्या कॉर्पमध्ये सहकारी तुमच्यावर गोळी झाडू शकतो आणि कॉनकॉर्ड येत नाही. ही तरतूद चालू आहे की बंद, हे आधी विचारून घ्या.
• अनोळखी माणसाने फ्लीटमध्ये, म्हणजे ताफ्यात, बोलावले तर नकार द्या. एका फ्लीटमधील सदस्य एकमेकांपाशी थेट वॉर्प करू शकतात, म्हणजे तुम्ही कोठे लपला आहात हे त्याला शोधावेही लागत नाही.

नवख्यावर एवढा संशय का घेतला जातो, हे समजण्यासाठी दोन जुन्या घटना माहीत असाव्यात. २००५ मध्ये ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ या भाडोत्री गटाने ‘उबिक्वा सेराफ’ या कॉर्पमध्ये महिनोन्महिने आपली माणसे पेरली आणि ठरलेल्या दिवशी तिची गोदामे रिकामी करून तिच्या प्रमुखाला ठार केले. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या त्या काळच्या अत्यंत बलाढ्य अलायन्समधील एक अधिकारी शत्रुपक्षाला, म्हणजे ‘गूनस्वार्म’ला, जाऊन मिळाला आणि त्याच्या अधिकारांचा वापर करून ती अलायन्सच विसर्जित केली गेली. रणांगणात ज्यांना हरवता आले नव्हते, त्यांचे साम्राज्य काही क्लिकमध्ये मोडले. म्हणून गोदामाची किल्ली मिळायला तुम्हाला सहा महिने लागले तर अपमान वाटून घेऊ नका. उलट, पहिल्याच आठवड्यात सर्व अधिकार देऊ करणाऱ्या कॉर्पपासून सावध राहा, कारण तुम्हाला जे इतक्या सहज मिळाले ते तुमच्या आधीच्या दहा जणांनाही मिळालेले असते.

५. फ्लीटमध्ये पहिले काम ‘टॅकल’चे घ्या

फ्लीट, म्हणजे ताफा, जास्तीत जास्त २५६ जणांचा असतो आणि त्याचा एक सेनापती असतो, ज्याला सगळे ‘एफसी’ म्हणतात. नवख्याला वाटते की आपल्या लहानशा फ्रिगेटचा येथे काय उपयोग? उपयोग मोठा आहे. शत्रूला वॉर्प करून पळू न देण्याचे, म्हणजे टॅकलचे, काम रिफ्टर किंवा ॲट्रॉनसारखे स्वस्त आणि चपळ जहाजच उत्तम करते. तुम्ही धरून ठेवले नाही तर मागून येणाऱ्या महागड्या जहाजांना मारायला कोणी उरत नाही. माझी पहिली सहा-सात फ्रिगेट अशाच कामात फुटली, आणि त्यातल्या एकीने धरून ठेवलेल्या क्रूझरसाठी सगळ्यांनी माझे नाव घेऊन अभिनंदन केले, तो आनंद मला अजून आठवतो.

मोहिमेच्या दिवशी पुढील क्रम पाळा.

पहिले, गटाने ठरवून दिलेली जहाजाची रचना जशीच्या तशी वापरा. स्वतःच्या मनाने बदल केला तर दुरुस्ती करणाऱ्या ‘लॉजी’ जहाजांचा अंदाज चुकतो, आणि फुटलेल्या जहाजाची भरपाई देणाऱ्या गटांकडून ती भरपाईही मिळत नाही.

दुसरे, ‘ब्रॉडकास्ट’ची खिडकी उघडी ठेवा. मार बसू लागताच तोंडाने ओरडण्याऐवजी दुरुस्तीची मागणी कळ दाबून करा, म्हणजे लॉजीला तुमचे नाव यादीत थेट दिसते.

तिसरे, आज्ञांचे शब्द पाठ करा. ‘अलाइन’ म्हणजे सांगितलेल्या दिशेला तोंड करून वेग घ्या, ‘प्रायमरी’ म्हणजे सर्वांनी आधी याच्यावर मारा करा, ‘होल्ड’ म्हणजे गेटवर थांबा. अनुभवी एफसी ‘जंप करू नका’ असे कधीही म्हणत नाही, कारण गोंगाटात ‘जंप’ एवढेच ऐकू येते आणि अर्धा ताफा पलीकडे जाऊन मरतो. तुम्हीही बोलताना तो शब्द टाळा.

चौथे, गेट ओलांडल्यावर एक मिनिटापर्यंत, तुम्ही हालचाल करेपर्यंत, जहाज कोणाला दिसत नाही. घाटातल्या खिंडीसारखी गेटवर नाकेबंदी, म्हणजे ‘गेटकॅम्प’, लागलेली असेल तर याच मिनिटात एफसीला समोर काय दिसते ते सांगा आणि आज्ञेची वाट पाहा. परत गेटकडे पळून जायचे ठरले तर वाटेत गोळी झाडू नका, कारण शस्त्र वापरल्यावर साठ सेकंद गेट तुम्हाला ओलांडू देत नाही.

पाचवे, ‘डी-स्कॅन’ची, म्हणजे आसपासची जहाजे दाखवणाऱ्या रडारसारख्या साधनाची, सवय लावा. त्याचा पल्ला १४.३ खगोलीय एकक असतो, आणि त्यात अनोळखी जहाजे दिसू लागली की लोकल यादीत आलेली नवी नावे कोणाची आहेत हे झीकिलबोर्डवर पाहता येते.

प्रचंड लढायांत हजारो खेळाडू एकत्र आले की सर्व्हर काळाचा वेग कमी करतो आणि तो दहा टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. जानेवारी २०१४ मधील ‘बी-आर५आरबी’ या प्रणालीतील लढाई सुमारे २१ तास चालली, तीत सात हजारांहून अधिक पात्रे सहभागी झाली आणि ७५ टायटन, म्हणजे खेळातील सर्वांत मोठी युद्धनौका, नष्ट झाल्या. तिची सुरुवात झाली ती त्या प्रणालीच्या ताब्याचे देणे वेळेत भरले न गेल्यामुळे. कॉर्पमध्ये हिशेब सांभाळणाऱ्या, इंधन भरणाऱ्या, वाहतूक करणाऱ्या माणसांना मी एफसीइतकाच मान देते, त्याचे कारण ही घटना आहे. तुम्हाला लढाईची आवड नसेल तर ही कामे मागून घ्या.

६. डावपेच कोठे संपतो आणि छळ कोठे सुरू होतो, हे ओळखा

जहाज फोडणे, लुटणे, खोटा करार, हेरगिरी, खंडणी हे सारे जहाजांच्या आणि इस्कच्या पातळीवर आहे, तोवर ते खेळाचा भाग आहे. त्याबद्दल तक्रार करून काही होत नाही. मात्र नवे खेळाडू जेथून सुरुवात करतात त्या ठरावीक प्रणालींत त्यांना गंडवणे किंवा आमिष दाखवून मारणे कंपनीला मान्य नाही. तेथे असे घडल्यास तक्रार जरूर करा.

पात्रामागच्या माणसाकडे रोख वळला की सीमा ओलांडली गेली. जात, धर्म, देश, लिंग यांवरून शिव्या, घरच्या पत्त्याची किंवा छायाचित्राची धमकी, आत्महत्येला चिथावणी, खेळाबाहेरच्या खात्यांवर पाठलाग, यांतील काहीही ‘खेळाचा भाग’ नाही. २०१२ मध्ये सीसीपीच्याच वार्षिक मेळाव्यात, खेळाडूंनी निवडून दिलेल्या प्रतिनिधी मंडळाच्या अध्यक्षाने एका निराश खेळाडूला त्रास देण्याची चिथावणी व्यासपीठावरून दिली. त्याने माफी मागून अध्यक्षपद सोडले आणि कंपनीने त्याला तीस दिवसांसाठी खेळातून बाहेर ठेवले. इतक्या वजनदार माणसावर कारवाई झाली, तर तुमच्या कॉर्पमधील दांडगटाला घाबरून गप्प राहण्याचे कारण नाही.

माझ्या बाबतीत असे झाले की, एका रात्री फ्लीटमध्ये प्रथमच सर्वांना माझा आवाज ऐकू गेला आणि त्यानंतर एका सहकाऱ्याने आठवडाभर डिस्कॉर्डवर घाणेरडे संदेश पाठवले. ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांनी ‘तो आपला उत्तम एफसी आहे, दुर्लक्ष कर’ एवढेच सांगितले. मी तो गट सोडला, आणि त्या निर्णयाला आठवडा का लावला, याचे दुःख मला आजही आहे. जो गट चांगल्या सेनापतीसाठी सदस्याचा अपमान सहन करतो, तो गट तुमच्या कामाचा नाही. मुलींना मी विशेष करून सांगते की, प्रवेशाच्या वेळीच ‘अशी तक्रार आली तर तुम्ही काय करता?’ असे विचारा आणि उत्तर देणारा किती अडखळतो ते पाहा.

७. तक्रार पुराव्यासह करा

सर्वप्रथम उत्तर देणे थांबवा. रागात पाठवलेला एक अपशब्द तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. त्यानंतर संदेशांची छायाचित्रे तारीख-वेळ दिसेल अशी घ्या. खेळातील संभाषणाच्या नोंदी संगणकावर ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘ईव्ह’ या फोल्डरच्या आत ‘लॉग्ज’ आणि त्यात ‘चॅटलॉग्ज’ येथे आपोआप साठतात. त्यांची प्रत वेगळी काढून ठेवा. मग त्या व्यक्तीला ब्लॉक करा, पण पुरावा घेण्याआधी नाही.

कंपनीच्या मदत केंद्रात तिकीट काढताना, म्हणजे तक्रार नोंदवताना, पात्राचे नेमके नाव, खेळातील घड्याळाप्रमाणे वेळ आणि घटनेचा क्रम साध्या वाक्यांत लिहा. जहाज गेल्याचा राग आणि छळाची तक्रार एकाच तिकिटात मिसळू नका, नाहीतर मूळ तक्रारीचे वजन कमी होते. डिस्कॉर्डवरील प्रकाराची तक्रार डिस्कॉर्डकडे वेगळी करावी लागते.

धमकी खऱ्या आयुष्यापर्यंत आली असेल किंवा खरे पैसे गेले असतील, तर खेळाच्या कंपनीच्या उत्तराची वाट पाहू नका. भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. परदेशात राहणाऱ्यांनी तेथील पोलिसांकडे जावे. शाळकरी मुले असतील तर त्यांनी हे सर्व करण्याआधी घरातील मोठ्या माणसाला सांगावे, आणि त्या मोठ्या माणसाने ‘मग खेळतोसच कशाला?’ हा प्रश्न निदान त्या दिवशी तरी विचारू नये.